कच्चा आवाज

ताईने पेनड्राइव्ह आधीच भरून ठेवला होता. दीड वर्षातली नऊ गाणी, प्रत्येकापुढे तारीख. उद्या सकाळी तो हॉस्पिटलात पोचवला की आपलं काम संपलं, असं तिने अप्पांना फोनवर सांगितलं होतं, आणि कुणी यायची गरज नाही असंही सांगितलं होतं. पण या घरात 'येऊ नका' म्हटलं की माणसं हटकून दहा मिनिटं आधी येतात. रविवारी दुपारी अडीच वाजता आई, अप्पा आणि धाकट्याची बायको अशी तिघं स्टुडिओच्या दारात उभी होती.

"बसा ना," ताई म्हणाली. खोलीत खुर्ची एकच होती आणि तिच्यावर ती स्वतः बसली होती.

स्टुडिओ म्हणजे चपलांच्या जुन्या गोदामाची मागची खोली. रबराचा वास नऊ वर्षांत गेला नव्हता. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खिडकी विटा लावून बुजवलेली, आणि कोपऱ्यात दोन दारांचं लाकडी कपाट. कपाटाच्या फळ्या काढून आतून ब्लँकेटं मारली होती आणि वरून माईक सोडला होता. धाकटा या कपाटात उभा राहून रॅप करायचा आणि ताई कपाटाबाहेर बसून त्याच्यासाठी बीट बनवायची. बाहेर त्याला सगळे 'करवत' म्हणून ओळखत. घरात तो धाकटाच राहिला.

आई एका खोक्यावर टेकली. अप्पा उभेच राहिले. चाळीस वर्षं हॉटेलच्या बँडमध्ये ड्रममागे बसून काढल्यावर त्यांना आता बसायचा कंटाळा होता.

"तो कुठाय?" ताईने विचारलं.

"तपासणीसाठी रक्त द्यायला गेलाय," सून म्हणाली. "चारपर्यंत येईल."

धाकट्याच्या कवटीच्या तळाशी गाठ निघाली होती आणि गुरुवारी ऑपरेशन ठरलं होतं. गाठ जिभेच्या आणि आवाजाच्या नसेला चिकटलेली. सर्जनने सगळ्यांना समोर बसवून सरळ सांगितलं होतं: बोलणं बिघडून तीन-चार महिनेच झाले असतील तर नसेत अजून जीव आहे; मी चार तास जास्त घेईन, धोका पत्करीन आणि नस वाचवायचा प्रयत्न करीन. पण वर्ष उलटून गेलं असेल तर ती नस मेलेली आहे. तिच्यासाठी याचा जीव पणाला लावणार नाही, नसेसकट गाठ काढीन. घरच्यांनी एका सुरात 'तीन महिने' सांगितलं. तीन महिन्यांपूर्वीच तर भर कार्यक्रमात त्याची जीभ वळेना झाली होती. सून तेवढी गप्प बसली होती. ती गप्प बसल्याचं सर्जनच्या नजरेतून सुटलं नव्हतं, आणि म्हणून त्याने तारखेनिशी रेकॉर्डिंग मागितली होती.

"ते शेवटचं लाव," आई म्हणाली. "सगळीकडे वाजतं ते."

ताईने लावलं. आधी जाड, ढोबळ ठोका, त्यावर कोरडी टाळी, आणि मग किंचित मागून धाकट्याचा आवाज. हीच तर त्याची खुबी होती. बाकीचे रॅपवाले ठोक्यावर उडी घेतात. हा ठोका पडू द्यायचा, थोडं ताटकळवायचा आणि मग शब्द टाकायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, घाई ठोक्यालाच होती. पोरं त्या उशिरावर जीव टाकायची.

"बघा किती स्वच्छ," आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण बोलणं सुनेला ऐकवण्यासाठी होतं. "पाच महिन्यांपूर्वीचं आहे हे. एवढं स्वच्छ बोलणारा माणूस वर्षभर आजारी कसा असेल?"

सून चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. केसाएवढा ओरखडा ती बोटाच्या टोकाने ओळखायची, आणि तसाच नवऱ्याच्या बोलण्यातला ओरखडाही तिने सगळ्यांच्या आधी ओळखला होता. वर्ष होऊन गेलं त्याला. न्याहारीला बसला असताना त्याच्या नाकातून पाणी आलं, आणि नंतर दोनदा त्याचा शब्द तोंडातच विरघळला. ती म्हणाली, डॉक्टरला दाखवू. त्याने फोन काढून नवं गाणं लावलं. "ऐक. कुठे अडखळतोय मी?" कुठेच अडखळत नव्हता. तिसऱ्यांदा तिने विषय काढला तेव्हा आई म्हणाली, "चांगलं चाललंय त्याचं, नाट लावू नकोस." शेवटी सून स्वतःचे कान तपासून आली. कान उत्तम आहेत, असा कागद मिळाला. त्यानंतर तिने तो विषय टाकूनच दिला.

"ताई, बीट काढून ऐकवता?" ती म्हणाली.

"बीट काढला तर गाण्यात राहतं काय?"

"त्याचा आवाज राहतो. डॉक्टरांना तेवढाच हवाय."

ताईने बटणं दाबून ठोका बंद केला, टाळी बंद केली, खालची घुमणारी सुरावट बंद केली. उरला नुसता धाकट्याचा आवाज. गाद्यांच्या त्या खोलीत तो फारच जवळ आला, आपल्याच खांद्याशी कुणीतरी बोलतंय असा. तरीही स्वच्छ. शब्द न् शब्द धारदार.

"झालं समाधान?" आईने विचारलं.

"पुन्हा लावा," सून म्हणाली. या वेळी तिने डोळे मिटले आणि बोटं मोजत राहिली. आवाज थांबल्यावर म्हणाली, "आठ ओळी झाल्या. यात हा श्वास कुठे घेतो?"

अप्पांनी ताईकडे पाहिलं. सून थांबली नाही.

"जिन्याच्या चार पायऱ्या चढून थांबतो तो. आज नाही, गेल्या वर्षीपासून. आठ ओळी एका दमात?"

अप्पांना हे दुसऱ्या ओळीलाच कळलं होतं. आयुष्यभर त्यांनी गाणाऱ्यांच्या पाठीकडे बघून वाजवलं होतं. गाणारा श्वास घेतो तेव्हा खांदे कसे उचलले जातात हे त्यांना पाठ होतं. या आवाजाला खांदेच नव्हते. पोरीने काय केलंय ते त्यांच्या लख्ख ध्यानात आलं. आणि खरं सांगायचं तर त्यांना पहिल्यांदा वाटला तो अभिमान. किती सफाईने केलंय हे. मग ते पोरीच्या खुर्चीशेजारी सरकले.

"रेकॉर्डिंगमध्ये श्वास कापतातच," ते म्हणाले. "सगळेच कापतात. त्यात काय एवढं? हो ना गं?"

"हो," ताई म्हणाली.

"मग न कापलेलं असेल ना? मूळचं?" सुनेने विचारलं.

"कच्चं मी ठेवत नाही. कॉम्प्युटरवरची जागा भरते."

ताईला खोटं बोलता येत नाही. लहानपणापासून येत नाही. बोलताना ती समोरच्या माणसाऐवजी त्याच्या कोपराकडे बघते. आता ती सुनेच्या कोपराकडे बघत होती.

"चल, कॉफी घेऊन येऊ सगळ्यांना," अप्पा म्हणाले, आणि ताईला दंडाला धरूनच बाहेर घेऊन गेले.

गोदामाच्या अंगणात ट्रकमधून खोकी उतरत होती. कॉफीच्या यंत्रापाशी पोचल्यावर अप्पांनी विचारलं.

"आहे ना कच्चं?"

"आहे."

"किती दिवसांपासून चाललंय?"

"चौदा महिने." ताईने पेला यंत्राखाली धरला पण बटण दाबलं नाही. "आधी नुसता उशीर व्हायचा. तो मागे रेंगाळतोच, तुम्हाला माहितीये. पण त्याचं रेंगाळणं मला माहीत होतं, अप्पा. किती मागे, ते नेमकं मला माहीत होतं. हा त्याहून मागे पडायला लागला. मी त्याच्या ओळी पुढे सरकवल्या. मग धाप ऐकू यायला लागली, ती कापली. मग 'र' जायला लागला."

"जायला लागला म्हणजे?"

"जीभ लागेचना. मग मी जुन्या गाण्यांतून त्याचे 'र' काढले आणि इथे चिकटवले. शेवटच्या गाण्यातले सगळे 'र' दोन वर्षांपूर्वीचे आहेत."

अप्पांनी बटण दाबलं. यंत्र घरघरलं. "आणि तू त्याला बोलली नाहीस."

"मला वाटलं, पुन्हा प्यायला लागला." ताई यंत्राखालच्या पेल्याकडे बघत म्हणाली. "जड जीभ, उशीर, धाप. पूर्वी प्यायचा तेव्हा असाच तर यायचा. म्हटलं, त्याच्या बायकोला कळलं तर या खेपेला ती सोडून जाईल. म्हणून झाकलं. मी त्याचा संसार वाचवत होते, अप्पा. मी एकदा त्याच्या तोंडाचा वाससुद्धा घेऊन पाहिला नाही."

अप्पांनी भरलेला पेला तिच्या हातात दिला आणि दुसरा लावला. "पुसून टाक," ते म्हणाले.

"काय?"

"कच्चं पुसून टाक. पेनड्राइव्ह दे. सर्जन नस वाचवायचा प्रयत्न तरी करेल. बोलता आलं नाही तर तो जगेल का? तूच सांग."

"आणि टेबलावरच गेला तर?"

"मी चाळीस वर्षं एकच काम केलं. गाणारा घसरला की खालून उचलायचं आणि समोरच्याला पत्ता लागू द्यायचा नाही. तुला वेगळं काय शिकवलं मी?"

"काहीच नाही," ताई म्हणाली. "हेच शिकवलंत."

आत आई खोक्यावरून उठून ताईच्या खुर्चीत बसली होती. पडद्यावर धाकट्याच्या आवाजाची नक्षी थांबलेली होती आणि आई तिच्याकडे बघत होती. सुनेला वाटलं, आता बोलणी बसणार. तिने मनाची तयारी केली.

"मी यांच्या बँडमध्ये गायचं का सोडलं, माहितीये तुला?" आई म्हणाली.

"मुलं झाली म्हणून ना?"

"तसं सांगतो आम्ही." आईने चष्मा काढून पदराने पुसला. "अडतिसाव्या वर्षी माझा वरचा आवाज फाटला. मला कळलंच नाही. यांनी बँडला सांगून सगळी गाणी एक सूर खाली आणली, आणि मी वर चढले की हे झांजा बडवायचे. दोन वर्षं. मी आपली ठसक्यात गात होते. एक दिवस भांडी घासणारी बाई म्हणाली, तुम्ही वर गेलात की ते ड्रमवाले एवढे का हो पिसाळतात? रात्री यांना विचारलं तर म्हणाले, तुझ्यासाठीच केलं. अख्ख्या हॉटेलला माहीत होतं. वेटरांनासुद्धा. मला सोडून."

सून खोकं ओढून तिच्याजवळ टेकली.

"दोन वर्षं आधी कळलं असतं तर गळ्याला विश्रांती दिली असती. औषध केलं असतं. कदाचित राहिला असता आवाज." आईने चष्मा घातला. "तुझ्या कानाच्या तपासणीचा कागद मी पाहिला होता. फ्रिजवर पडला होता. हसले होते मी तुला. तुझे कान नीट आहेत."

आईकडून माफी म्हणून एवढंच मिळतं, आणि तेही आठ वर्षांत पहिल्यांदा. सुनेने मान हलवली.

ताई आणि अप्पा चार पेले घेऊन आत आले तेव्हा आई खुर्चीतून उठली नाही.

"कच्चं लाव," ती म्हणाली.

"अगं, तिच्याकडे नाहीये," अप्पा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. तुमचं झाकणं मी एकदा भोगलंय." मग ताईकडे वळून, "लाव म्हणते ना."

ताईने पेले जमिनीवर ठेवले, आईच्या खांद्यावरून हात लांब केला आणि एका फोल्डरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात गेली. जागा भरते म्हणणाऱ्या बाईने चौदा महिन्यांचा एकूण एक टेक तारखेनिशी जपून ठेवला होता. तिने शेवटच्या गाण्याचा पहिला टेक लावला, बीटसकट.

ठोका पडला. आवाज आला नाही. मग आला, आणि तो रेंगाळल्याचा नव्हता, मागे राहिल्याचा होता. दोन शब्द, धाप, पुन्हा दोन शब्द. 'स' ओला, 'र'च्या जागी नुसती हवा. ठोका आपला ठरल्या वेळी पडत पुढे चालला होता आणि माणूस त्याच्यामागून फरफटत होता. मध्येच धाकटा थांबला आणि टेकमध्येच हसून म्हणाला, "काय झालंय आज मला, ताई? पुन्हा घेऊ." आणि ताईचा आवाज, लांबून: "असू दे. मी करते नीट."

आईने तोंडावर हात ठेवला.

"अजून लाव," दारातून कुणीतरी म्हणालं.

धाकटा उभा होता. कोपराच्या खोबणीत कापूस, हात दुमडलेला. केव्हापासून उभा होता देव जाणे.

"बस तू आधी," बायको म्हणाली.

"पुढचा लाव."

ताईने पुढचा लावला, मग त्याच्या पुढचा. पाचव्याला त्याने हात वर केला. बोलताना आता तो प्रत्येक शब्द आधी तोंडात जुळवून घ्यायचा, त्यामुळे सगळ्यांना थांबावं लागायचं.

"माझे श्वास तू कापलेस."

"हो."

"आणि 'र'?"

"ते तुझेच आहेत. जुने."

"म्हणजे हे गाणं मी म्हटलंच नाही."

"म्हटलंस. मी फक्त..."

"मी हे घरी नेऊन हिला ऐकवायचो." त्याने बायकोकडे पाहिलं नाही. "हिला वेड्यात काढलं मी. आणि मलाही वाटायचं, आपण थकलोय नुसते. गाणं बघा कसं झालंय. रात्री हेडफोन लावून ऐकायचो आणि वाटायचं, ठणठणीत आहे मी."

"मला वाटलं तू पितोयस," ताई म्हणाली.

"विचारायचंस."

अप्पा खाकरले. धाकटा आपल्या आवाजाच्या नक्षीकडे बघत राहिला. मग त्याने टेबलावरचा पेनड्राइव्ह उचलून खिशात टाकला.

"उद्या हाच द्यायचा," तो म्हणाला. "तीन महिने सांगितलंय ना. तीनच."

"अरे, तुला कळतंय का?" बायको उठली. "चार तास जास्त. डॉक्टरने स्पष्ट सांगितलंय, त्या चार तासांत काहीही होऊ शकतं. आणि मेलेल्या नसेसाठी?"

"थोडी जिवंत असेल."

"चौदा महिने झालेत. तारखा आहेत समोर पडद्यावर. आता ऐकलंस ना स्वतःच्या कानांनी?"

"माझं नरडं आहे. मी ठरवणार."

"बरोबर आहे त्याचं," अप्पा म्हणाले.

"काही बरोबर नाही," आई म्हणाली.

एवढ्या वर्षांत आई सुनेच्या बाजूने बोलल्याचं त्या खोलीत कुणालाच आठवत नव्हतं. धाकटा चमकून आईकडे बघत राहिला. आई आपली जागा न सोडता बसून होती, आणि सून येऊन तिच्या खुर्चीला हात लावून उभी राहिली होती.

ताई दोघींच्या मागे होती. नऊ वर्षं तिने त्याच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. बीट कितीही मोठा केला तरी तो त्याच्या आवाजाखाली राहील हे बघायचं, त्याला हवं तिथे थांबायचं, त्याने सूर बदलला की आपण बदलायचं. हाच तिचा धंदा होता आणि तो तिला आवडायचा. आताही त्याचं ऐकणं सगळ्यात सोपं होतं. तिने फोन काढला. सर्जनचा नंबर हॉस्पिटलच्या फाइलच्या कव्हरवर होता.

"नमस्कार. गुरुवारच्या ऑपरेशनच्या पेशंटची बहीण बोलतेय," ती म्हणाली. "आम्ही तुम्हाला चुकीचं सांगितलं. तीन महिने नाही, चौदा झालेत. रेकॉर्डिंग आहेत माझ्याकडे. तारखेनिशी, न कापलेली. हो. आत्ताच पाठवते."

तिने फोन खाली ठेवला आणि आईच्या हाताशेजारून हात घालून फोल्डर निवडला. अप्पा भिंतीतल्या प्लगकडे सरकले. आई न बघताच म्हणाली, "हात लावाल तर याद राखा." अप्पा जिथल्या तिथे थांबले. त्यांचं वय त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं.

"ताई," धाकटा म्हणाला. त्याने शब्द जुळवले, एकदा चुकला, पुन्हा जुळवले. त्याचा चेहरा लहान झाला होता. "पाठवू नकोस."

ताईने पाठवलं. मोठ्या फायली होत्या, अकरा मिनिटं लागली. त्या अकरा मिनिटांत कॉफी निवली आणि ट्रक रिकामा होऊन निघून गेला. सोमवारी सर्जनने कळवलं की नस काढावी लागेल, तिच्यासाठी थांबण्यात अर्थ नाही. आणि हे वेळेवर कळलं ते फार बरं झालं, असंही तो म्हणाला.

म्हणजे आवाजाचे तीन दिवस उरले. सोमवारीच हॉस्पिटलात दाखल झालेल्या धाकट्याने ते उधळले. बायकोशी तो रात्रंदिवस बोलला. तिने काही रेकॉर्ड केलं नाही, नुसतं ऐकलं. आईला त्याने तिची जुनी गाणी म्हणायला लावली आणि स्वतः मोडक्या जिभेने साथ दिली. अप्पांशी कडाडून भांडला. शाळेतल्या मित्रांना फोन लावले, वॉर्डातल्या सफाईवाल्याशी गप्पा मारल्या, समोरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला तीनदा वर्तमानपत्र वाचून दाखवलं.

ताई रोज सकाळी नऊला जायची आणि बाहेरच्या बाकावर बसायची. दारातून त्याचा आवाज ऐकू यायचा. ती आत गेली की तो थांबायचा. रागाने डोळे फिरवायचा नाही, पाठ करायचा नाही. पाणी दिलं तर घ्यायचा. नुसता बोलायचा नाही. बुधवारी संध्याकाळी ती म्हणाली, "शिव्या दे वाटलं तर." त्याने पाणी पिऊन पेला तिच्या हातात दिला.

गुरुवारी सकाळी स्ट्रेचर लिफ्टपाशी आली. नर्सने यादी काढून नाव, वय, कुठलं ऑपरेशन ते त्याच्याकडून वदवून घेतलं. त्याने एकेक शब्द जुळवून सगळं नीट सांगितलं. मग तिने स्ट्रेचरच्या कडेला धरून उभ्या असलेल्या ताईकडे बोट दाखवलं.

"आणि या कोण तुमच्या?"

धाकट्याने ताईकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. लिफ्टचं दार एकदा मिटायला आलं, नर्सने पायाने अडवलं.

"ताई आहे त्याची," त्याची बायको म्हणाली.

नर्सने लिहून घेतलं आणि स्ट्रेचर आत ढकलली. ऑपरेशन नीट झालं, तो वाचला, पुढे पुष्कळ वर्षं जगला. त्याने ताईला उद्देशून म्हटलेले शेवटचे शब्द मात्र रविवारचे राहिले. 'पाठवू नकोस' म्हणाला होता, आणि तिने पाठवलं होतं.